पॅनेलच्या दारावरची पेन्सिल

मुंबईतल्या एखाद्या जुन्या हॉस्पिटलच्या किंवा कॉलेजच्या प्लँटरूममध्ये, म्हणजे जिथून इमारतीला एसीचं थंड पाणी आणि वाफ पुरवली जाते तिथे, गेलात तर मुख्य कंट्रोल पॅनेलचं दार उघडून आतल्या बाजूला बघा. राखाडी रंगावर पेन्सिलीनं, मार्करनं, कुठे चिकटपट्टीच्या तुकड्यावर काही ना काही लिहिलेलं सापडतं. ‘दुसरा चिलर घेताना व्हॉल्व्ह हळू.’ ‘पावसाळ्यात ७ च ठेवणे.’ ‘सकाळी ७ ला स्टीम एकदम सोडू नये.’ ‘टँकरचं पाणी आलं तर ब्लोडाउन डबल.’ प्रेशर गेजच्या काचेवर लाल नेलपॉलिशची रेघ असते. ती कुणी मारली हे आता कुणाला आठवत नाही, पण काटा रेघेच्या पुढे सरकला की शिफ्टवरचा माणूस खुर्चीतून उठतो.

आधुनिकीकरणाचं काम निघालं की हे पॅनेल सगळ्यात आधी भंगारात जातं. टेंडरमध्ये इनपुट-आउटपुट किती, स्क्रीन किती इंची, ग्राफिक्सची पानं किती, सगळं मोजून दिलेलं असतं. दारावरचं लिखाण मात्र कुणी उतरवून घेत नाही. माझ्या मते त्या प्लँटचं खरं स्पेसिफिकेशन तेच. वीस-पंचवीस पावसाळे काढलेल्या लोकांनी चुका करत, शिव्या खात गोळा केलेलं ते ज्ञान आहे. त्यातल्या एकेका वाक्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. ते ओळखायचं आणि नव्या कंट्रोलरला कळेल अशा भाषेत लिहायचं, यालाच मी आधुनिकीकरण म्हणतो. बाकी सगळी वायरिंगची कामं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक प्लँट धरू. मोठ्या हॉस्पिटल कॅम्पसचा, ५०० टनांचे तीन वॉटर-कूल्ड सेंट्रिफ्युगल चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं; इथे टन म्हणजे थंड करण्याची क्षमता), तळघरात पंप, गच्चीवर कूलिंग टॉवर. शेजारच्या शेडमध्ये पाइप्ड गॅसवर चालणारे, ताशी २ टन वाफेचे, १०.५४ किलो प्रेशरचे दोन बॉयलर. वाफ जाते सीएसएसडीच्या (उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाच्या) ऑटोक्लेव्हला, लाँड्रीला, किचनला आणि गरम पाण्याच्या कॅलोरिफायरला.

पहिली चिठ्ठी घ्या: ‘दुसरा चिलर घेताना व्हॉल्व्ह हळू.’ एक चिलर भरात चालू आहे. ५०० टनांना साडेपाच अंशांच्या फरकावर ताशी साधारण २७५ घनमीटर पाणी लागतं. ५०० गुणिले ३०२४ किलोकॅलरी, भागिले साडेपाच, एवढाच हिशोब. साडेबारा अंशांचं पाणी आत येतंय, सात अंशांचं बाहेर पडतंय. आता दुसऱ्या चिलरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह झटकन उघडला तर त्याच हेडरमधलं (सगळ्यांना जोडणाऱ्या मुख्य पाइपातलं) पाणी दोघांत वाटलं जातं. चालू चिलरला निम्मंच मिळतं, पण त्याच्या कॉम्प्रेसरला ही बातमी लगेच कळत नाही, तो पूर्ण जोरानंच थंड करत राहतो. निम्म्या पाण्याला दुप्पट फरक, म्हणजे अकरा अंश. साडेबारातून अकरा गेले, राहिले दीड. तिथवर पोचायच्या आतच लो-टेम्परेचर ट्रिप (पाणी गोठू नये म्हणून यंत्र आपोआप बंद करणारी सोय) येते आणि चालू चिलर बसतो. दुसरा अजून उठलेला नाही, पहिल्याचा रीस्टार्ट टायमर सुरू झालाय. सेंट्रिफ्युगल मशीनला पुन्हा सुरू व्हायला वीस-तीस मिनिटं थांबावं लागणं नेहमीचं. तोवर वरच्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरमधून फोन यायला लागतात.

जुना ऑपरेटर गिअरचं चाक हातानं फिरवायचा. पूर्ण उघडायला त्याला दोन-तीन मिनिटं लागायची आणि तेवढ्या वेळात कॉम्प्रेसर सावरून घ्यायचा. नव्या सिस्टीममध्ये आपण मोठ्या हौसेनं मोटराइज्ड अ‍ॅक्च्युएटर लावतो, तो वीस-तीस सेकंदांत व्हॉल्व्ह उघडतो, आणि पहिल्याच आठवड्यात ‘नवीन सिस्टीम आल्यापासून चिलर ट्रिप होतात’ अशी तक्रार येते. तक्रार खरीच असते. हाताचा सावकाशपणा हा कंट्रोलचाच भाग होता आणि आपण तो काढून टाकला. उपाय साधा आहे. आधी पंप, मग मॉड्युलेटिंग अ‍ॅक्च्युएटरनं व्हॉल्व्ह दोन ते तीन मिनिटांत उघडायचा, आणि तो उघडायला लागायच्या आधी चालू चिलरला मिनिटभरासाठी थोडं उतरवायचं. पाण्याचा प्रवाह मिनिटाला किती टक्के बदललेला चालतो, हा आकडा चिलरच्या उत्पादकाकडून लेखी घ्यावा. मॉडेलनुसार तो बराच बदलतो.

दुसरा चिलर घ्यायचा केव्हा, हा त्याहून मोठा प्रश्न. जुन्या पद्धतीत तो घड्याळावर असतो: आठला दुसरा, अकराला तिसरा. नव्या पद्धतीत लोडवर असावा. चालू मशीन ८५-९० टक्क्यांच्या वर पंधरा मिनिटं टिकून आहे आणि पुरवठ्याचं पाणी सेटपॉइंटपेक्षा (ठरवून दिलेल्या तापमानापेक्षा) अंशभर वर गेलंय, या दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या की पुढचा घ्यायचा. उतरवताना जरा जास्त धीर धरायचा, अर्धा तास तरी. कागदावर हे सोपं दिसतं. अडचण अशी की बऱ्याच प्लँटमध्ये चिलर ६० टक्क्यांवर चालू असतो आणि तरीही थंड पाणी पुरत नाही. तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते खाली प्लँटरूममध्ये शोधून सापडत नाही, वर एएचयूमध्ये (मजल्यांवर हवा थंड करून सोडणाऱ्या एअर हँडलिंग युनिटमध्ये) जावं लागतं. जुने थ्री-वे व्हॉल्व्ह, उघडेच अडकलेले टू-वे व्हॉल्व्ह, मळलेली कॉइल, कुणीतरी १८ वर करून ठेवलेला थर्मोस्टॅट. पाणी उष्णता न घेताच परत येतं. फरक साडेपाचाचा ३.३ झाला की त्याच २७५ घनमीटरमध्ये ५०० टनांचं मशीन ३०० टनच काम करू शकतं. मग निव्वळ पाणी पुरवायला दुसरा चिलर चालवावा लागतो, त्याचे दोन पंप आणि टॉवर फॅन धरून. नवा कंट्रोलर कितीही हुशार असला तरी ही गळती त्याला भरून काढता येत नाही. म्हणून बजेटमधला काही हिस्सा एएचयूच्या व्हॉल्व्हसाठी राखून ठेवावा. स्क्रीन दोन इंच लहान घेतली तरी चालेल.

आता सेन्सर. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण नव्वद टक्के दुखणं इथलं असतं आणि नव्वद टक्के लोक इथे घाई करतात.

साडेपाच अंशांचा फरक मोजायचा म्हणजे एक सेन्सर पुरवठ्यावर, एक परतीवर. पीटी-१०० (तापमानाबरोबर विद्युत रोध बदलणारा प्लॅटिनमचा) सेन्सर बी वर्गाचा असेल तर सात अंशांवर त्याला एक तृतीयांश अंशाची चूक माफ असते. एक वर चुकला, दुसरा खाली चुकला तर दोन तृतीयांश अंश गेले, म्हणजे लोडमध्ये १२ टक्के खोट. अशा आकड्यावर चिलर चढवायचा-उतरवायचा निर्णय सोपवणं म्हणजे तराजूच्या एका पारड्याला चिंच चिकटलेली असताना सोनं तोलणं. सेन्सर ए वर्गाचे आणि जुळवलेल्या जोडीचे मागावेत.

वायरिंगचं त्याहून वाईट. पीटी-१०० एका अंशाला फक्त ०.३८५ ओहमनं बदलतो. जुन्या प्लँटमध्ये अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी पन्नास मीटरवर नेलेल्या असतात. जाऊन-येऊन शंभर मीटर तांबं, म्हणजे साधारण साडेतीन ओहम. हे साडेतीन ओहम कंट्रोलरला नऊ अंशांसारखे दिसतात. मग कधीतरी कुणीतरी सेटिंगमध्ये उणे नऊचा ऑफसेट टाकून आकडा जुळवलेला असतो. नव्या कामात तीन वायरी ओढल्या जातात, त्यामुळे वायरीचा रोध आपोआप वजा होतो. पण जुन्या सेटिंगची यादी जशीच्या तशी उतरवून घेणारा प्रोग्रामर तो उणे नऊचा ऑफसेटही उतरवून घेतो. सात अंशांचं पाणी स्क्रीनवर उणे दोन दिसतं. एवढी मोठी चूक निदान लगेच डोळ्यात भरते. दीड अंशाचा ऑफसेट राहून गेला तर तो वर्षानुवर्षं विजेच्या बिलात लपून बसतो.

खात्री करायची रीत जुनीच आहे: बादलीभर कुटलेला बर्फ, त्यात बुडेल एवढं पाणी, आणि पुरवठ्याचा व परतीचा असे दोन्ही सेन्सर एकाच बादलीत. दहा मिनिटं ढवळत ठेवायचं. दोन्ही शून्य दाखवायला हवेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोघांतला फरक ०.१ च्या आत हवा. ज्या ठेकेदाराला ही बादली बघून कंटाळा येतो, त्याचं बिल पास करताना दोनदा विचार करावा.

सेन्सर बसवतानाही मुंबईची हवा लक्षात ठेवावी लागते. थंड पाण्याच्या पाइपवर सेन्सरचं डोकं इन्सुलेशनच्या आत गाडलेलं असेल तर जुलैत त्यात घाम साठतो. टर्मिनलवर हिरवट थर चढतो आणि आकडा हळूहळू सरकायला लागतो. लांब मानेचा सेन्सर घ्यावा, डोकं इन्सुलेशनच्या बाहेर, ग्लँड खालच्या बाजूला, आणि केबलला ग्लँडच्या आधी एक लोंबता वळसा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. थर्मोवेलमध्ये (पाइपात शिरणाऱ्या, सेन्सर ठेवायच्या नळीत) थर्मल पेस्ट हवी, आणि वेलचं टोक पाइपच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात पोचायला हवं. तीनशे मिलिमीटरच्या पाइपात पन्नास मिलिमीटरचा वेल टाकला की तो पाइपच्या भिंतीचंच तापमान सांगत बसतो.

‘पावसाळ्यात ७ च ठेवणे’ ही मला सगळ्यात आवडणारी चिठ्ठी. सगळीकडच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की बाहेरचं तापमान उतरलं की चिल्ड वॉटरचा सेटपॉइंट वर न्या, अंशामागे कॉम्प्रेसरची दोन-तीन टक्के वीज वाचते. गोष्ट खरी आहे. पण मुंबईत जानेवारीचं सरासरी कमाल तापमान जुलैपेक्षा किंचित जास्तच असतं! बाहेरच्या साध्या थर्मामीटरवर रीसेट (सेटपॉइंट आपोआप वर-खाली करणं) लावला तर कंट्रोलर जुलैला सौम्य ऋतू समजतो आणि पाणी सातावरून दहावर नेतो. बाहेर हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो) २५ अंशांवर गेलेला असतो. ऑपरेशन थिएटरला २१ अंश आणि ६० टक्क्यांखाली आर्द्रता हवी, म्हणजे खोलीतला दवबिंदू १३ अंशांच्या खाली. दहा अंशांच्या पाण्यावर चालणारी कॉइल हवा थंड करेल, पण तिच्यातलं पाणी पुरेसं काढणार नाही. खोलीचं तापमान अगदी बरोबर दिसेल आणि डिफ्यूझरच्या कडेला थेंब धरतील. मग भिंतीला बुरशी आणि इन्फेक्शन कंट्रोल समितीचं पत्र.

म्हणून मुंबईत रीसेट दवबिंदूवर लावायचा. त्यातही बाहेरच्यापेक्षा थिएटर, आयसीयू, लॅब अशा सगळ्यात अवघड खोल्यांच्या परतीच्या हवेचा दवबिंदू बघायचा. तो मर्यादेत आहे तोवरच सेटपॉइंट अर्ध्या-अर्ध्या अंशानं वर, मर्यादा ओलांडली की ताबडतोब सातवर. अशा रीसेटची खरी कमाई डिसेंबर ते फेब्रुवारीत होते, जमिनीकडून कोरडे वारे येतात तेव्हा. चिठ्ठी लिहिणाऱ्याला दवबिंदू हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. निष्कर्ष त्याचा बरोबर होता.

कूलिंग टॉवरलाही हेच लागू. टॉवर पाण्याला वेट बल्बच्या (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवरच्या तापमानाच्या) खाली नेऊ शकत नाही, व्यवहारात तीन-चार अंश वरच थांबतो. पावसाळ्यात वेट बल्ब २६-२७ असताना कुणी कंडेन्सर पाण्याचा सेटपॉइंट २६ ठेवला तर फॅन चार महिने पूर्ण वेगानं फिरत राहतात आणि पदरात काही पडत नाही. फॅनची शक्ती वेगाच्या घनात जाते: ८० टक्के वेगाला ५१ टक्के वीज. सेटपॉइंट म्हणून ‘वेट बल्ब अधिक साडेतीन’ असं सूत्र द्यावं आणि चिलर उत्पादकानं सांगितलेल्या किमान कंडेन्सर तापमानाचा अडसर त्याला खालून लावावा. आर्द्रतेचा सेन्सर सावलीत, टॉवरच्या फवाऱ्यापासून लांब. मुंबईत तो सहा-सहा महिन्यांनी तपासायचा आणि बदलायची वस्तू म्हणून स्टोअरमध्ये एक शिल्लक ठेवायचा.

आता बॉयलरकडे. ‘सकाळी ७ ला स्टीम एकदम सोडू नये.’ सातला लाँड्रीचे ड्रायर, किचनची भांडी आणि सीएसएसडीचे ऑटोक्लेव्ह एकाच वेळी वाफ मागतात. ड्रममधलं प्रेशर धाडकन खाली येतं. प्रेशर उतरलं की उकळत्या पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाण्याची पातळी वर आल्यासारखी दिसते. आतलं पाणी खरं तर कमी होतंय, पण लेव्हल कंट्रोलर भरलंय असं समजून फीड पंप बंद करतो. दोन-तीन मिनिटांत बुडबुडे बसतात, पातळी कोसळते आणि बॉयलर लो-वॉटरवर ट्रिप होतो. त्याआधी फुगलेल्या पातळीतून वाफेबरोबर पाणी उडून गेलेलं असतं. ते ओलं स्टीम ऑटोक्लेव्हपर्यंत पोचतं आणि १३४ अंशांचं सायकल पूर्ण होऊनही निर्जंतुक केलेले पॅक ओले बाहेर पडतात. ओला पॅक वापरता येत नाही. सकाळची शस्त्रक्रिया तासभर पुढे जाते आणि तिथे उभ्या असलेल्या कुणालाही कारण बॉयलरच्या पातळीत आहे हे कळत नाही.

ऑन-ऑफ मोब्रीवर (पातळीच्या फ्लोट स्विचवर) चालणारा फीड पंप या दुखण्याला पुरत नाही. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) किंवा मॉड्युलेटिंग व्हॉल्व्हनं चालणारं फीड, आणि पातळीबरोबर वाफेचा प्रवाहही मोजणारं टू-एलिमेंट कंट्रोल लावलं की पातळी फुगलेली दिसली तरी वाफ किती चाललीय ते बघून पंप चालू राहतो. शिवाय हेडरवर मंदगती व्हॉल्व्ह लावून लाँड्री, किचन, सीएसएसडी यांना पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं वाफ सोडता येते. ऑटोक्लेव्ह आधी, लाँड्री शेवटी. हा क्रम सिस्टर-इन-चार्ज आणि लाँड्री सुपरवायझर यांच्याबरोबर बसून ठरवावा. ऑफिसात बसून ठरवला तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी बायपास उघडतं.

बर्नरच्या बाबतीत जुनी यंत्रणा म्हणजे एक मोटर, एक शाफ्ट, आणि लिंकेजनं जोडलेले गॅस व हवेचे डॅम्पर. सांधे झिजले की तीच जोडणी वर जाताना एक मिश्रण देते, खाली येताना दुसरं. झिजलेल्या लिंकेजसाठी हवा नेहमीच जास्त सोडून ठेवावी लागते, आणि ती हवा तापून चिमणीवाटे निघून जाते. नव्या पद्धतीत गॅसला आणि हवेला स्वतंत्र सर्व्हो, लो-फायरपासून हाय-फायरपर्यंत दहाएक बिंदूंचा नकाशा, प्रत्येक बिंदूला चिमणीतला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजून नोंदवलेला. गॅसवर ३ टक्के ऑक्सिजन हे चांगलं लक्ष्य.

पण हा नकाशा कोणत्या महिन्यात काढला हे विचारा. जानेवारीच्या पहाटेची १८ अंशांची कोरडी हवा आणि जूनच्या दुपारची ३३ अंशांची दमट हवा यांत, डॅम्पर तेवढाच उघडा असताना, ऑक्सिजनचा पुरवठा सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो. एक तर हवा तापून विरळ होते, त्यात तीन-साडेतीन टक्के जागा पाण्याची वाफ अडवते. जानेवारीत ३ टक्क्यांवर बसवलेला बर्नर जूनमध्ये दीड-दोन टक्क्यांवर येतो आणि कार्बन मोनॉक्साइड वर सरकायला लागतो. ऑक्सिजन ट्रिम (चिमणीतला ऑक्सिजन मोजून हवा आपोआप जुळवणारी सोय) असेल तर ते भरून निघतं. नसेल तर नकाशा मे-जूनमध्येच काढावा, म्हणजे हिवाळ्यात हवा थोडी जास्त जाईल. ती चूक सुरक्षित बाजूची आहे.

एक नावाचा घोळ सांगून ठेवतो, कारण त्यातून खरे धोके निर्माण होतात. बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम आणि बीएमएस म्हणजे बर्नर मॅनेजमेंट सिस्टीमही. एकाच टेंडरमध्ये दोन्ही येतात. ‘लो-वॉटर सिग्नल बीएमएसला द्यावा’ असं वाक्य वाचून एका माणसाला एक कळतं, दुसऱ्याला दुसरं. बर्नरची सुरक्षा-साखळी बिल्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून कधीही जाता कामा नये. दोन स्वतंत्र लो-वॉटर कटआउट, हाय-प्रेशर स्विच, हवेचा प्रेशर स्विच, गॅसचे लो आणि हाय प्रेशर स्विच, इमर्जन्सी स्टॉप: सगळे कॉन्टॅक्ट वायरीनं एकामागोमाग एक, आणि शेवटी प्रमाणित फ्लेम सेफगार्ड (ज्योत पेटलेली आहे का यावर नजर ठेवणारं उपकरण). यातला एक जरी तुटला तर दोन्ही गॅस व्हॉल्व्हची वीज थेट गेली पाहिजे, मध्ये कुठलाही प्रोग्राम न येता. बिल्डिंगच्या सिस्टीमनं फक्त बघायचं आणि नोंद करायची, फारतर ‘आता वाफ हवी’ एवढं सांगायचं. टेंडरमध्ये दोन्हींची पूर्ण नावं मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण संक्षेप वापरू नका.

‘टँकरचं पाणी आलं तर ब्लोडाउन डबल.’ महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं. कमी पडलं की कॅम्पसवर टँकर येतो, बऱ्याचदा विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा, आणि त्या दिवशी सगळं गणित फिरतं. भरलोडावर एका ५०० टनाच्या चिलरमागे टॉवरवरून ताशी अडीच-तीन घनमीटर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ते साठू नयेत म्हणून थोडं पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं, त्यालाच टॉवरवर ब्लीड आणि बॉयलरवर ब्लोडाउन म्हणतात. टायमरवर चालणारा ब्लीड व्हॉल्व्ह तलावाच्या पाण्याला जास्त सोडतो आणि टँकरच्या पाण्याला कमी. कंडक्टिव्हिटी मोजून ब्लीड उघडणारा कंट्रोलर स्वस्त असतो आणि लवकर वसूल होतो, मात्र त्याचा प्रोब दर पंधरवड्याला पुसायला लागतो. बॉयलरलाही तसंच: या जातीच्या बॉयलरमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३५०० पीपीएमच्या आत ठेवायचा तर २०० पीपीएमच्या फीडला साधारण ६ टक्के ब्लोडाउन लागतो. फीड ४०० झालं की १३ टक्के. चिठ्ठीतलं ‘डबल’ किती नेमकं होतं बघा.

यंत्रांनी कंट्रोलरला आकडे पाठवावेत म्हणून करायच्या जोडणीचं काम वरवर साधं वाटतं. आरएस-४८५ ची केबल एका उपकरणातून दुसऱ्यात अशी माळेसारखीच न्यायची, मध्ये फांद्या फोडायच्या नाहीत, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध. मॉडबसमध्ये (यंत्रांच्या आपसातल्या संवादाच्या भाषेत) पत्ता एकानं सरकलेला असतो, सात पूर्णांक दोन हा आकडा बहात्तर म्हणून येतो, दोन शब्दांची अदलाबदल झाली की चिलरचा लोड खगोलशास्त्रातला आकडा दाखवतो. यात दोन दिवस जाणार हे वेळापत्रकात आधीच धरावं. पण एक चूक फार महागात पडते. सेटपॉइंट रीसेट लावताना प्रोग्रामर दर सेकंदाला चिलरच्या कंट्रोलरला नवा सेटपॉइंट लिहायला सांगतो. काही कंट्रोलर तो आकडा कायमच्या स्मृतीत लिहितात, आणि तशा चिपचं आयुष्य साधारण एक लाख वेळा लिहिण्याचं धरतात. सेकंदाला एकदा म्हटलं तर ते जेमतेम अठ्ठावीस तासांत संपतं. आकडा बदलला तरच लिही, आणि पाच मिनिटांत एकदाच, असं प्रोग्राममध्ये घालायलाच हवं.

पॅनेल कुठे ठेवायचं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळघरात पंप राहणारच, त्यांना पर्याय नसतो, पण कंट्रोलर, सर्व्हर आणि यूपीएस तळघरात ठेवायची काही गरज नाही. ते वरच्या मजल्यावर घ्यावेत. पंपांचे व्हीएफडी निदान छातीच्या उंचीवर, केबल खालून शिरणारी. समुद्राजवळच्या कॅम्पसवर कंट्रोल कार्डांना कॉन्फॉर्मल कोटिंग (दमट हवेपासून वाचवणारा लेप) मागावं आणि पॅनेलमध्ये थर्मोस्टॅटवर चालणारा छोटा हीटर. तळघरातला पाणी उपसणारा पंप त्याच्या साध्या फ्लोट स्विचवरच राहू द्यावा. सॉफ्टवेअर झोपलं तरी तो उठला पाहिजे.

वीज जाते तेव्हा काय, हेही लिहून ठेवायला हवं. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईभर वीज गेली, तेव्हा जनरेटर असलेल्या जागांची खरी परीक्षा झाली. जनरेटरची वीज आली की सगळी यंत्रं ऑटोवर एकदम उठायला बघतात आणि जनरेटर बसतो. पहिले चिल्ड वॉटरचे पंप आणि थिएटर-आयसीयूचे एएचयू उठवावेत, चिलर नंतर. पाइपांत साठ घनमीटर थंड पाणी असेल तर ते पाच अंश चढेपर्यंत शंभर टनांचा भार तासभर सांभाळतं. जनरल वॉर्ड आणि ऑफिसांचे व्हॉल्व्ह त्या वेळात बंद राहिले तर हा तासभर सगळा थिएटरच्या वाट्याला येतो.

बदल करायचा केव्हा, याचं उत्तर बॉयलरसाठी कायद्यातच दडलंय. वार्षिक तपासणीसाठी बॉयलर थंड करून उघडावाच लागतो. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा बॉयलर कायदा आला तरी तपासणी आहेच. त्याच बंदमध्ये एका बॉयलरचं कंट्रोल बदलावं, दुसरा जुन्या पॅनेलवर चालू ठेवावा, आणि काय बदलतोय ते बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकांना आधी दाखवावं. चिलरसाठी डिसेंबर-जानेवारी. एका वेळी एकच मशीन, आणि प्रत्येक पंपावर, प्रत्येक फॅनवर हँड-ऑफ-ऑटो स्विच कायम. रिमोट स्क्रीनवरून प्लँट सांभाळणं कितीही सोयीचं वाटलं तरी त्यात उंटावरून शेळ्या हाकण्याचा मोह असतो. तो स्विच माणसाला यंत्राजवळ नेऊन उभा करतो.

काम सुरू व्हायच्या आधी निदान चार आठवडे जुन्या प्लँटचे आकडे मिनिटा-मिनिटाला नोंदवून ठेवावेत, नाहीतर नंतर किती वाचलं यावर वाद होतो आणि तो कुणालाच जिंकता येत नाही. काम संपताना टिप्पण्यांसह मूळ प्रोग्राम, सगळे पासवर्ड आणि प्रत्यक्षात झालेल्या वायरिंगचं ड्रॉइंग ताब्यात घ्यावं. प्रोग्रामवर ठेकेदाराचं कुलूप राहिलं तर एक टायमर बदलायलासुद्धा त्यालाच बोलवावं लागतं, तोही सवडीनं येतो. सीक्वेन्सची (कोणतं यंत्र कधी, कसं चालवायचं त्या क्रमाची) मराठी प्रत पॅनेलजवळ हवी. तिसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर ती वाचून ‘हे असं होत नाही’ म्हणाला, तर बहुतेक वेळा बरोबर तोच असतो.

आणि बिलाचा शेवटचा दहा टक्के हप्ता एक पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवावा. जानेवारीत चालू केलेला प्लँट जानेवारीत छानच चालतो. जुलैच्या एखाद्या धो धो पावसाच्या दुपारी थिएटरच्या परतीच्या हवेचा दवबिंदू बघायचा, चालू चिलर मुद्दाम बंद करून दुसरा किती मिनिटांत उठतो ते मोजायचं, पुरवठ्याच्या सेन्सरची एक वायर काढून कंट्रोलर काय करतो ते बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सीएसएसडीत जाऊन ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या पहिल्या पॅकला हात लावून तो कोरडा आहे का ते पाहायचं. मग सही करायची.